एका पायावर दहा सेकंद

माणसाने एका पायावर किती वेळ उभं राहावं, याबद्दल मी अडुसष्ट वर्षं काहीच मत बाळगलं नव्हतं. ते बगळ्यांचं काम आहे, अशी माझी समजूत होती. पण गेल्या सप्टेंबरात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला टेबलासमोर उभं केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उजवा पाय उचला. दहा सेकंद." मी तीन सेकंद राहिलो. चौथ्या सेकंदाला मी आधारासाठी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा धरला. तो सुटा निघाला. तो हातात घेऊन मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलाच्या, राजदीपच्या, अंगावर गेलो.

त्याआधी मी घरात दोनदा पडलो होतो. एकदा मोरीत आणि एकदा पुस्तकांच्या मांडणीसमोर. दुसऱ्याला मी पडणं म्हणत नाही. वरच्या फळीवरचा शब्दकोश आधी पडला, मी फक्त त्याच्या सोबत गेलो. पण राजदीप नागपुरात बँकेत आहे आणि बँकेत दोन म्हणजे दोनच.

"बाबा," तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर म्हणाला, "एक डिसेंबरले परत बोलावलं आहे. दहा सेकंद झाले तर तुमी पोंभुर्ण्यातच राहा, मी एक शब्द बोलणार नाई. नाई झाले तर दोघंही नागपूरले. हे घर बंद."

त्याचा हेतू चांगला होता, हीच अडचण होती. वाईट हेतूविरुद्ध मी निदान वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. त्याच्या चौथ्या माळ्यावरच्या घरात आमच्यासाठी एक खोली आहे आणि त्या खोलीला दुसऱ्या इमारतीच्या खिडकीत उघडणारी खिडकी आहे. "अकराशे पुस्तकं मावणार नाईत," तो म्हणाला, "शंभर निवडा." मी तीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. अकराशेतून शंभर वाचवणं म्हणजे हजार बुडवणं, हे त्याला कसं सांगावं ते मला सुचलं नाही. मला नेमक्या वेळी काही सुचत नाही. सुचतं ते परतीच्या बसमध्ये, मूल गावाच्या थोडं अलीकडे.

कमला, माझी बायको, घराचं कुलूप काढताना एवढंच म्हणाली, "मी चौथ्या माळ्यावर मरणार नाई, अजी. तुमचं तुमी पाहा."

तर पाहायचं माझ्याकडे आलं.

दुसरा कोणी असता तर त्याने तोल सांभाळायचा उपाय माणसांना विचारला असता. मी पुस्तक शोधलं. वाळवीने खाल्लं म्हणून वाचनालयाने रद्दीत काढलेली ताइचीची एक पुस्तिका मी पूर्वी दयेपोटी घरी आणली होती. तिच्यात एक टकला माणूस पानोपान अतिशय सावकाश हात हलवत होता. चिनी लोकांनी प्रत्येक हालचालीला नाव दिलेलं आहे. 'सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा राहतो' हे नाव वाचून मला माझा मार्ग सापडल्यासारखं वाटलं. दोन पानांनंतर 'वाघाला मिठी मारा आणि डोंगराकडे परत जा' अशी सूचना होती. ती करणारा गृहस्थ आमच्या जिल्ह्यात कधी राहिलेला नसावा. शेवटी अर्धा तास ध्यान करायचं होतं. ते मला अगदीच नवं नव्हतं. रविवारी आमच्या विहारात मी सगळ्यांबरोबर डोळे मिटून बसतो आणि श्वासाकडे लक्ष देतो. पाचव्या मिनिटाला मला १९९४ साली परत न आलेली पुस्तकं आठवू लागतात, नेणाऱ्यांच्या नावांसकट.

पहिल्या दिवशी मी गच्चीवर गेलो. 'ढगांसारखे हात' ही हालचाल नीट केली तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक मिनिट लागतं. माझं अर्धं मिनिट झालं असेल, तेवढ्यात समोरच्या गोकुळाबाईंनी मला पाहिलं. त्यांच्या दिराला मागच्या वर्षी असंच झालं होतं म्हणे, हात उचलला तो उचललेलाच राहिला. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे खाली गेल्या आणि पाच मिनिटांत चार माणसं आणि एक खाट घेऊन आमच्या गच्चीवर आल्या. मी व्यायाम करतो आहे, हे मी त्यांना सांगत होतो, पण अर्ध्यात हालचाल थांबवू नये असं पुस्तिकेत लिहिलेलं असल्यामुळे ते फार सावकाश सांगत होतो. त्यावरून त्यांची खात्रीच पटली.

"भाऊ, बोलू नका," गोकुळाबाई म्हणाल्या. "बोलण्यात ताकद जाते."

खाटेवरून जिना उतरताना मी ठरवलं की यापुढे जे काही करायचं ते माणसांच्या नजरेआड.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्यामागे धानाचं एक बांधीशेत, त्यापलीकडे जुना मालगुजारी तलाव. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पहाटे कोणी नसतं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतार, उतारावर रायमुनियाची झुडपं आणि तिथून सरळ जंगल. लाजाळू माणसाला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. पण मी आयुष्यभर नियमाने वागलो आहे. आधी परवानगी घ्यावी असं मनात आलं आणि तीच चूक झाली. पहिल्या कचेरीत सांगितलं की पाळ त्यांची, पण पाणी त्यांचं नाही. दुसरीत सांगितलं की पाणी त्यांचं, पण मी पाण्यात उभा राहणार असेन तरच अर्ज द्यावा. तिसरीतल्या बाबूने माझा अर्ज दोनदा वाचला. कामाचा प्रकार या रकान्यात मी 'सावकाश हालचाल' असं लिहिलं होतं.

"हे काम आहे काय, काका?" तो म्हणाला. "आमच्या इथी सगळेच करतात. अर्ज कोणीच देत नाई."

शेवटी मी रीताकडे गेलो. रीता आमच्या बीटची वनरक्षक. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, पण हातात काठी घेऊन बोलते तेव्हा मला माझी प्राथमिक शाळा आठवते.

"परवानगी कोणीच देणार नाई, काकाजी," ती म्हणाली. "तिकडे एक वाघीण फिरून राह्यली. महिना झाला. पाळीच्या ऐनाच्या झाडाले आमी कॅमेरा बांधला आहे."

"मग नको म्हणतेस?"

"मी नको म्हणल्यानं कोणी थांबते काय? धान कापायले बायका त्याच वाटेनं जातात." तिने बोटं मोजायला सुरुवात केली. "सूर्य निघाल्याबिगर यायचं नाई. एकटं यायचं नाई. बसायचं नाई अन् वाकायचं तर बिलकुल नाई. वाकलेला माणूस तिले जनावर दिसते. अन् हे घालायचं."

तिने कपाटातून एक मुखवटा काढला. आमच्याकडे मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या लोकांना असे मुखवटे देतात. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे असतात. वाघ पाठीमागून येतो. पाठीलाही चेहरा असला तर त्याला माणसाची पाठ सापडत नाही. माझ्या वाट्याला आलेला मुखवटा गोरा, गालावर लाली असलेला आणि भरघोस मिशांचा होता. डोळे सताड उघडे, आणि तो हसत होता. एखाद्याला ओळखून हसावं तसा.

घरी मी तो बांधून कमलाकडे पाठ केली. ती बराच वेळ पाहत राहिली.

"तोंड इकडे करा," ती म्हणाली. मी वळलो. "नाई. मघाचंच बरं होतं."

'एकटं यायचं नाई' या अटीसाठी मी मनसारामला विचारलं. मनसाराम ढिवर. त्याची आणि माझी उमर एकच, पण तो रोज पहाटे डोंग्यात उभा राहून जाळं ओढतो आणि एकदाही पडत नाही. हे कसं जमतं, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पडलो तं ओला होईन ना, देवाजीभाऊ." तो पाण्यावर, मी पाळीवर, अशी आमची सोबत ठरली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सुरुवात केली. सूर्य निघायचा, पण धुक्यात तो नुसता कळायचा, दिसायचा नाही. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहत असे. म्हणजे माझा स्वतःचा चेहरा पाण्याकडे आणि मुखवटा जंगलाकडे. ढगांसारखे हात. पांढरा बगळा पंख पसरतो. मग सोन्याचा कोंबडा. पहिले चार दिवस कोंबडा तीन सेकंदांत खाली आला. मग बसायची बंदी म्हणून उभ्याउभ्याच ध्यान. डोळे मिटायचे आणि श्वास मोजायचा.

पाचव्या दिवशी काहीतरी झालं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की नियमाने सराव केला तर एके दिवशी मन आपोआप शांत होतं आणि ती शांतता साधकाला बाहेरही जाणवते. मला ती जाणवली. झुडपांतले सातभाई पक्षी कलकलत होते, ते एकदम थांबले. तलावातले बेडूक थांबले. पलीकडच्या झाडांवर वानरं होती, ती एकदा खाकरल्यासारखं ओरडली आणि मग तीही गप्प. माझ्या पाठीमागून ही शांतता हळूहळू चढत पाळीपर्यंत आली आणि तिथे थांबली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. हेही पुस्तिकेत होतं. मी सोन्याच्या कोंबड्यासाठी पाय उचलला आणि पाच सेकंद राहिलो.

मी स्वतःबद्दल कधी चांगलं बोलत नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर बोललो.

"मले वाटते, मले जमून राह्यलं," मी कमलाला सांगितलं. "मन शांत होते."

"इतक्या लवकर?" ती म्हणाली. माझ्या मनाशी तिचा चव्वेचाळीस वर्षांचा परिचय आहे.

त्यानंतर शांतता रोज येऊ लागली. साधारण पावणेसातला यायची आणि माझं ध्यान संपण्याच्या जरा आधी जायची. नवव्या दिवशी तिच्याबरोबर वासही आला. नव्या तांदळाच्या गरम भाताचा येतो तसा, गोडसर आणि अगदी जवळचा. साधूंना सुगंध येतात, असं मी वाचलं होतं. चंदनाचा किंवा कमळाचा, असा साधारण उल्लेख असतो. पण आमचा धानाचा मुलूख आहे, तेव्हा मला भाताचा यावा हे बरोबरच वाटलं. मी डोळे उघडले आणि मनसारामला हळूच सांगितलं. तो पाळीला लागून जाळं सोडवत होता.

त्याने नाक वर केलं. मग माझ्याकडे पाहिलं. नंतर माझ्या मागे पाहायला लागला, पण अर्ध्यातच त्याने नजर पाण्याकडे वळवली.

"अजून किती वेळ आहे तुमचं, देवाजीभाऊ?"

"वीस मिनिटं."

"करा," तो फार मऊ आवाजात म्हणाला. "हळूहळूच करा. लय हळू करा." आणि जाळं तसंच सोडून तो वल्ही न वाजवता तलावाच्या मधोमध गेला आणि मी संपवेपर्यंत तिथेच उभा राहिला. माझ्या साधनेचा त्याने इतका मान ठेवावा, याने मला भरून आलं.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट सुरू झाली. गोकुळाबाई कमलाला दळणाच्या चक्कीवर भेटल्या आणि म्हणाल्या की पाळीवर काहीतरी आहे. धान कापायला जाणाऱ्या बायकांनी पाहिलं. बुढ्यासारखं दिसतं. तुमच्याकडे तोंड करून हसतं आणि हसता हसता मागे जातं. मागे गेलं की तिकडेही तोंड. हात हलतात, पण वारा नसताना हलतात.

"मंग तू काय म्हणाली?" मी विचारलं.

"मी म्हटलं, असन बाई कोणी." कमलाने पीठ ओतलं. "तुमचं नाव कसं घेऊ? नवरा आहे म्हणून सांगू?"

मला फार लागलं. मी वाचनालयात वीस वर्षं दर ऑगस्टमध्ये अंधश्रद्धेवर भाषण दिलेलं आहे. श्रोते सहा-सात असत, पण भाषण पाऊण तासाचं असे. आणि आता माझ्या उभं राहण्याच्या जागेवर रोज सकाळी एक लिंबू, थोडं कुंकू आणि कधी अर्धा नारळ ठेवलेला असायचा. मी ऐनाच्या झाडावर एक सूचना लावली: 'येथे भूत नाही. येथे मी असतो. कृपया वस्तू ठेवू नयेत. आपला, देवाजी (निवृत्त ग्रंथपाल).' दुसऱ्या दिवशी सूचनेला हळद-कुंकू वाहिलेलं होतं आणि 'मी' या अक्षरावर तांदळाचे दाणे चिकटवले होते.

मध्ये एक दिवस मला ताप आला, म्हणून मी गेलो नाही. बाकी एकही खाडा नव्हता. कोंबडा सात सेकंदांवर आला होता. अजून तीन सेकंद आणि दहा दिवस हातात. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट वेळेआधी पूर्ण करणार, अशी चिन्हं होती.

एकवीस तारखेला दुपारी रीता घरी आली. तिने काठी दाराशी ठेवली, पाणी मागितलं, प्यायलं, पुन्हा मागितलं. मग मोबाईल माझ्यासमोर धरला.

"कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आज. काकाजी, आधी खाली बसा."

"बसायची परवानगी आहे?" मी विनोद केला. माझ्या विनोदांना कोणी हसत नाही, पण ती ज्या प्रकारे हसली नाही तो प्रकार वेगळा होता.

पहिल्या फोटोत मी होतो, पाठमोरा, एक पाय उचललेला. म्हणजे दिसत होता तो मुखवटा, मिशा, लाल गाल, हसणं. आणि त्याच्यासमोर, झुडपांच्या कडेला, पुढचे पाय जोडून ती बसलेली होती. मांजर चुलीसमोर बसतं तशी. मुखवट्याकडे पाहत.

रीताने बोट सरकवलं. दुसऱ्या दिवशीचा फोटो. तीच जागा, तोच मी, तीच ती. तिसरा. चौथा. तारखा खाली छापून आलेल्या होत्या, त्यामुळे वादाला जागा नव्हती. बारा दिवस.

"अकरा पावलं," रीता म्हणाली. "मी मोजून आली आत्ता."

"अन् तो वास?" कमलाने दारातून विचारलं. तिच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं.

"कोणता, भाताचा? मुतते ना ती झाडावर, आपली हद्द सांगायले. त्याचा वास तसाच येते, काकी. नव्या भातासारखा."

माझ्या साधनेचा सुगंध असा निकाली निघाला. शांततेचं मी विचारलंच नाही. वाघ आला की जंगल गप्प होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मीच ते माझ्या मनाच्या नावावर जमा करून ठेवलं होतं.

"मग तिने मला काही केलं काऊन नाही?"

रीताने पहिला फोटो पुन्हा लावला. "तुमी पळत नाई. वाकत नाई. इतकं हळू कोणतंच जनावर हलत नाई. अन् तोंड एकटक पाहते, पापणी लवत नाई." ती जराशी संकोचली. "राग नका मानू, काकाजी. ती तुमाले माणूस समजून नाई राह्यली. काय समजून राह्यली ते मले बी नाई कळत."

माणसांत गणना न होणं आमच्या आजोबांना नवीन नव्हतं. पण त्यांच्या बाबतीत मोजणारी माणसंच होती. इथे जनावराकडूनही तोच निकाल आल्यावर दाद मागायची कुठे?

रीताने शेवटी आणखी एका दिवसाचे फोटो दाखवले, तेही दाखवू की नको असं करून. त्यात मी नव्हतो. मला ताप होता, तो दिवस. पाळ रिकामी होती. ती तिच्या जागेवर बसलेली होती आणि मी जिथे उभा राहतो त्या जागेकडे पाहत होती. पहिल्या फोटोत सहा चाळीस झाले होते. शेवटच्यात आठ वाजून गेले होते.

मनसारामला मी संध्याकाळी गाठलं. "तुले माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी पळाले असते," तो जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला. "पळणाऱ्याले ती सोडते काय? मंग मी रोज येऊन उभा रायलोच ना. मले का तिथी मासोळ्या भेटत होत्या? तुमी उभे असल्यावर मासोळी बी येत नाई त्या कडेला."

पाळीवर दोर बांधून फलक लागला. मुखवटा रीता घेऊन गेली. आणि एक डिसेंबर दहा दिवसांवर होता.

मी अंगणात सराव सुरू केला. कमला ओसरीवर घड्याळ घेऊन बसायची आणि मोजायची. कमला मोजण्यात सूट देत नाही. चार. पाच. चार. एकदा तीन. पाळीवर सात सेकंद राहणारा माणूस स्वतःच्या अंगणात चारवर कोसळत होता. कारण मला माहीत होतं आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. माझ्या पाठीमागे ती शांतता नव्हती. पाठीमागे कोणी नाही म्हटल्यावर माझा पाय सरळ जमिनीची वाट धरायचा. मी घाबरून उभा राहत होतो की सोबतीने, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तीस तारखेच्या संध्याकाळी राजदीप गाडी घेऊन आला. सोबत पुस्तकांसाठी दोन रिकामी खोकी आणली होती. त्याने ती मांडणीसमोर ठेवली, अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून. जेवताना त्याने तोलाबद्दल विचारलं नाही. कमलाने त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढला. ती रागात असली की वाढते.

सकाळी साडेसहाला मी अंगणात उतरलो. राजदीप आत झोपला होता. धुकं इतकं होतं की कुंपणापलीकडचं कापलेलं शेत दिसत नव्हतं. कुंपण एका जागी पावसाळ्यात मोडलं होतं, तिथे कोणाच्यातरी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग आलेला दिसत होता. माझं तोंड त्याच बाजूला होतं. कमला माझ्यामागे ओसरीच्या पायरीवर होती.

"चालू करू?" ती म्हणाली.

मी पाय उचलला.

"एक. दोन. तीन."

गल्लीतलं कुत्रं भुंकत होतं, ते केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. थांबलं आहे हे कळलं.

"चार. पाच."

आमचं तणस दुसऱ्या बाजूला रचलेलं असतं. या बाजूला आम्ही कधीच ठेवत नाही. हे मला पाचव्या सेकंदाला आठवलं. सहाव्याला तणसाने मान उचलली.

"सात. आठ."

आठनंतर नऊ आला नाही. एका सेकंदाच्या जागी किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या मागे कमलाचा श्वास आत गेला तो तिथेच राहिला. मग त्याच आवाजात, भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घ्यावेत तशी, ती म्हणाली, "नऊ."

दहा झाले. ती थांबली नाही. मीही पाय खाली ठेवला नाही. ठेवण्याचा विचारसुद्धा माझ्या अंगात कुठे नव्हता. अकरा, बारा. वाघीण माझ्याकडे पाहत होती. तिच्या पिवळ्या डोळ्यांत धुकं होतं. इतके दिवस तिने एक वेगळाच चेहरा पाहिला होता, गोरा, मिशीवाला, हसरा. माझा आज पहिल्यांदाच पाहत होती. ज्याला पत्रांतून ओळखतो त्याने अचानक दारात यावं तसं मला झालं. खरं सांगतो, भीतीच्या आत कुठेतरी मला संकोच वाटला. दाढीही केलेली नव्हती.

"एकतीस," कमला म्हणाली. "बत्तीस."

वाघीण उठली. सावकाश, इतकी सावकाश की टकल्या माणसाच्या पुस्तिकेत शोभली असती. माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं आणि मोडलेल्या कुंपणातून वळून शेताकडे गेली. पट्टे आधी गेले, मग शेपूट, मग नुसतं धुकं. माझा खरा चेहरा पाहून ती निघून गेली. यावर मी बराच विचार केला आहे आणि कोणत्याही बाजूने घेतलं तरी त्यातून माझ्या बाजूचा अर्थ निघत नाही.

"सदतीस," कमला म्हणाली, आणि मी पाय खाली ठेवला.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. पाच मिनिटांनी गल्लीच्या टोकाकडून रीता आणि तिच्या पथकातले दोघं काठ्या घेऊन पावलांच्या मागावर आले. रीताने तोंड उघडलं, त्याआधीच कमला उठून फाटकाशी गेली.

"आत्ताच गेली. त्या बाजूनं, शेतातून. अन् हळू बोल, बाई. पोरगा झोपून आहे."

रीताने अंगणातल्या मातीवरचे ठसे पाहिले. चार होते, ताटाएवढे. तिने मोजपट्टी लावली, फोटो काढले, एकाला शेताकडे पाठवलं. "जंगलाकडेच निघाली," ती म्हणाली. "आमी मागं आहो. गल्लीतल्या सगळ्यायले सांगून ठेवतो, घरातच राहा म्हणून."

"सांग. आमच्याकडे नको सांगू."

रीताने कमलाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, दारातून दिसणाऱ्या दोन खोक्यांकडे. तिला काय कळलं मला माहीत नाही. "तुमाले सांगाचं काम नाई, काकी," ती म्हणाली. "तुमाले तं माहीतच आहे."

ते शेताकडे गेले. कमलाने बादलीत शेण कालवलं आणि सडा टाकायला घेतला. रोज ती दारापासून सुरुवात करते. आज मोडक्या कुंपणापासून केली. पहिला ठसा, दुसरा, तिसरा. चौथ्यावर तिने दोन ओंजळी जास्त टाकल्या आणि हाताने सारवून घेतलं.

राजदीप टूथब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि नेमका तिथे ओल्यावर अनवाणी उभा राहिला. "आज एवढ्या लवकर सडा, आई?"

"निघायचं आहे ना," कमला म्हणाली. मग माझ्या जवळून बादली नेताना माझ्याकडे न पाहता पुटपुटली, "डाक्टरसमोर दहा झाले का ठेवजा पाय खाली. सदतीस केले तं पोरगा इचारन."

चंद्रपुरात डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा आधी कपाटात ठेवला आणि मग घड्याळ पाहिलं. मोजत ते होते, पण मला ऐकू कमलाच येत होती, आणि तिच्या आठ आणि नऊच्या मधे जो वेळ होता तोही मी पूर्ण उभा राहिलो. त्यामुळे दहाला ठेवायचा पाय चौदाला खाली आला. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या.

राजदीपने शब्द पाळला. संध्याकाळी त्याने रिकामी खोकी उचलून गाडीत टाकली आणि थोडा वेळ दार धरून उभा राहिला.

"बाबा, आमच्या सोसायटीत दहा-बारा बुढे आहेत," तो म्हणाला. "सगळेच पडतात. आठ दिवस येऊन त्यायले शिकवता का हे?"

मला नेहमीसारखं नेमक्या वेळी काही सुचलं नाही. मी कमलाकडे पाहिलं.

"तिथी नाई जमणार," कमला म्हणाली. "तिथी शिकवणारं कोणी नाई."